वाळत घातलेले केस

ओले असताना माझे केस पाठीच्या मध्यापर्यंत येतात आणि वाळले की खांद्यावर चढून बसतात. मधली वीतभर लांबी जाते कुठे, हे शाळेत असल्यापासूनचं कोडं. आजी म्हणायची, "बापाचे केस घेतलेस, भोग आता." बाबांचे आता उरलेत ते कानांमागे मूठभर, पण त्यांतही तोच पीळ. आईचे सुतासारखे सरळ. तिने वरून कंगवा सोडला तर थेट जमिनीवर पडेल. माझ्या डोक्यात सोडला तर तिथेच अडकून राहतो, मध्ये जाऊन दार उघडून कुरिअर घेऊन आलं तरी.

शाळेत दोन वेण्या, लाल रिबिनी आणि चपचपीत खोबरेल असा बंदोबस्त होता. रविवारी न्हायच्या आधी वेण्या सुटल्या की केस लांब आणि नुसतेच लाटालाटांचे दिसायचे. ते मला फार आवडायचं. अर्ध्या तासात पाणी लागायचं आणि मग "मॅगी" हे नाव सार्थ व्हायचं. त्या वेळी लक्षात आलं नाही, पण मला जे पुढे चौतिसाव्या वर्षी शिकायचं होतं ते आजी दर आठवड्याला करत होती.

केस सरळ करायचे नव्हते, हे आधीच सांगते. कुरळ्या केसांशी माझं भांडण मिटून बरीच वर्षं झाली. मला हवे होते ते फक्त ताणून बसवलेले केस, तेही मधूनमधून. म्हणजे चार-पाच दिवस गुंता कमी, अंबाडा जागेवर राहील, आणि टोकाला त्या बारीक गाठी होणार नाहीत. कुरळा केस स्वतःभोवतीच वळसा घेतो आणि त्याची एकेरी गाठ बसते. ती सुटत नाही, कात्रीच लावावी लागते. ताणलेल्या केसात अशा गाठी कमी पडतात. शिवाय हेल्मेट. आमच्या ऑफिसच्या गेटवर हेल्मेट नसलं की गाडी आत सोडत नाहीत, आणि माझ्या मोकळ्या केसांवर हेल्मेट घालणं म्हणजे भरलेल्या गोधडीच्या गाठोड्यावर पातेलं उपडं घालण्यासारखं. पट्टा हनुवटीपर्यंत पोचतच नाही.

इस्त्रीचा मार्ग मी करून बसले होते. तीन वर्षांपूर्वी मावसबहिणीच्या लग्नात एका पार्लरमध्ये "नुसतं स्ट्रेट करून देते, धुतलं की परत तसंच" असं ऐकून खुर्चीत बसले. यंत्रावर २३० आकडा होता. केस पुरते वाळलेले नव्हते, त्यामुळे पहिल्याच फिरवणीला चर्र असा आवाज आला, कांदा तेलात पडावा तसा. नंतर वाचलं की ओल्या केसाला एवढी उष्णता लागली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाच्या आतच बुडबुडे धरतात. लग्नात केस सुंदर दिसले, खोटं कशाला बोलू. पण धुतल्यावर डाव्या कपाळावरच्या दोन बटा काही परत आल्या नाहीत. बाकी सगळं डोकं कुरळं आणि त्या दोन बटा भिजलेल्या लोकरीच्या धाग्यासारख्या लोंबत्या. महिन्याला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास केस वाढतो. त्या बटा पूर्ण कापून जाईपर्यंत दोन वर्षं गेली, आणि तोवर मी क्लिप लावून फिरत होते.

त्यानंतर ठरवलं, ताणायचे तर उष्णतेशिवाय.

यात बाबा आले ते विचारल्याशिवाय. बाबांची सगळी नोकरी वेधशाळेत गेली. पुण्यात तिला अजूनही शिमला ऑफिस म्हणतात, कारण हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण चौकाचं नाव राहिलं. मी आरशासमोर बट ओढून तिला पट्टी लावत होते, ते बघून बाबा म्हणाले, "अगं, केसावर तर आमची यंत्रं चालायची."

खरंच चालायची. पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत जी यंत्रं ठेवतात, त्यांतलं एक म्हणजे केसाचा आर्द्रतालेखक. माणसाच्या केसांची एक बारीक जुडी, धुऊन तेलाचा अंश काढून टाकलेली, ताणून बसवलेली असते. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि ती हालचाल तरफेने लेखणीपर्यंत जाऊन कागदावर रेघ उमटते. जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने १७८३ मध्ये केसाच्या अशा आर्द्रतामापकाबद्दल सविस्तर लिहून ठेवलंय. "पूर्ण कोरड्या हवेपासून पूर्ण दमट हवेपर्यंत केस दोन-अडीच टक्के लांबतो," बाबा म्हणाले. "तेवढ्यावर आमचं भागायचं."

"मग पावसाळ्यात माझे केस आखूड का होतात?"

बाबा गप्प झाले. निवृत्त माणसाला असा प्रश्न मिळाला की त्याचे पुढचे सहा महिने चांगले जातात. दुसऱ्या दिवशी गॅलरीत दोन तापमापक टांगलेले दिसले, एकाच्या टोकाला मलमलची ओली चिंधी. हे कोरडं, ते ओलं. दोघांच्या फरकावरून कोष्टकात आर्द्रता बघायची. आणि एक दोनशे पानी वही आली. माझ्या उजव्या कानामागची एक बट मुक्रर झाली. पूर्ण ओढली तर ४३ सेंटिमीटर, वाळून सुटी सोडली तर २४. म्हणजे १९ सेंटिमीटर नुसत्या वळणांत गेले.

उत्तर बाबांनी आणि मी मिळून शोधलं, आणि ते आईच्या कपडे वाळत घालण्यात सापडलं. केसातलं प्रथिन मुख्यतः दोन तऱ्हेच्या बंधांनी बांधलेलं असतं. गंधकाचे बंध पक्के. ते तोडायला पार्लरमधली रसायनं लागतात. हायड्रोजनचे बंध कच्चे. ते साध्या पाण्याने सुटतात आणि पाणी उडून गेलं की पुन्हा जुळतात, केस ज्या आकारात असेल त्या आकारात. सुती सदऱ्याचंही तेच. चोळामोळा होऊन वाळला की सुरकुत्या पक्क्या, झटकून ताणून दोरीवर घातला की इस्त्रीला काम कमी. आई हे लग्न झाल्यापासून करत होती, तिला हायड्रोजन माहीत नव्हता एवढंच. दमट हवेत केसाचा धागा खरोखर किंचित लांबतोच, पण ताणून बसवलेले कच्चे बंध त्याच ओलाव्याने सुटतात आणि केस आपल्या मूळच्या वळणावर जातो. यंत्रातला केस दोन्हीकडून बांधलेला असतो म्हणून त्याची फक्त लांबी दिसते. माझा मोकळा असतो.

एवढं कळल्यावर वाटलं, झालं. ओले केस ताणून बांधायचे, वाळू द्यायचे, सोडायचे.

पहिली खेप मार्चमधली. न्हाऊन दोन घट्ट तीनपेडी वेण्या घातल्या आणि झोपले. सकाळी सोडल्या तर वरून कोरड्या, आतून गार. वेणीच्या पोटात ओल तशीच, आणि वास रात्रभर बादलीत राहिलेल्या फडक्याचा. ऑफिसला उशीर होत होता म्हणून तशीच निघाले. वहीत नोंद: सकाळी ७.१५ ला बट ३६, साडेनऊला २७. ऑफिसच्या लिफ्टमध्ये आरसा आहे, तो नसता तर बरं.

मग आठ बारीक वेण्या घातल्या, केस आधी अर्धेअधिक वाळवून घेऊन. या वाळल्या. बट ३५ वर राहिली, पण वेणीचे पेड केसांत उमटले, नागमोडी. आणि मुळाशी दोन बोटं जागा फुगलेलीच, कारण वेणी कितीही घट्ट घातली तरी ती टाळूपासून थोडी लांबच सुरू होते. खाली वेण्या आणि वर अळंबी, असा तो प्रकार. हेल्मेट बसतं की नाही ते वरच्या फुग्यावर ठरतं, खालच्या वेण्यांवर नाही. त्यामुळे मुख्य काम झालंच नाही.

एप्रिलमध्ये रबरं. केसांचे दहा-बारा भाग करायचे, प्रत्येकाची शेपटी बांधायची, आणि मग तिच्यावर टोकापर्यंत दोन-दोन बोटांवर एकेक रबर चढवत जायचं. प्रत्येक रबर आधीच्यापासून केस खाली ओढून धरतं. कल्पना उत्तम. मी मात्र वापरली ती स्वयंपाकघराच्या खणातली पिवळी रबरं, जी वर्षानुवर्षं जमत जातात आणि कुणी आणलेली नसतात. काढताना प्रत्येक रबराला चार-सहा केस चिकटून आले. न्हाणीघरात फरशीवर ते केसांचे गुंते बघून मला त्या दोन बटा आठवल्या आणि मी कात्रीने उरलेली रबरं कापून काढली. पुढच्या वेळी एक जुनी लेगिंग घेतली, तिच्या पायाच्या बोटभर रुंदीच्या कड्या कापल्या. साठ निघाल्या. या केसांना धरत नाहीत, घसरतात थोड्या, पण तोडत नाहीत. बट ३८. मुळाशीही बरं, कारण पहिली कडी टाळूला लागून बसते. फक्त जिथे कडी तिथे खळी. उसाच्या पेरांसारखे दिसत होते केस.

त्या साठ कड्या डोक्यावर घेऊन मी कचरा टाकायला खाली गेले, आणि लिफ्टमध्ये चौथ्या मजल्यावरची नायजेरियन मुलगी भेटली. एम.एस्सी.ला आहे, आमच्या सोसायटीत दोन वर्षं राहते. नमस्कारापलीकडे ओळख नव्हती. तिने माझ्या डोक्याकडे बघितलं, हसू दाबलं, ते सुटलं, आणि इंग्रजी-हिंदीच्या मिश्रणात विचारलं, "दीदी, एवढे कष्ट? दोरा नाही का घरात?"

शनिवारी ती आली. मी तुळशीबागेतून तिने सांगितल्याप्रमाणे जाड काळा सुती दोरा आणला होता, क्रोशाचा. तिने तो बोटांत चोळून बघितला, चालेल म्हणाली. त्यांच्याकडे हल्ली नायलॉनचा आणि रबरी दोराही वापरतात, पण तिची आजी सुतीच घ्यायची. सोफ्यावर ती, खाली चटईवर मी, माझे खांदे तिच्या गुडघ्यांमध्ये. आजीनंतर पहिल्यांदा मी अशी बसले. डोकं हलवलं की टपली पडायची तीही तशीच पडली.

तिचा हात मी नंतर आरशात नीट बघून घेतला. एक बोटभर जाडीची बट वेगळी करायची, दाते मोठे असलेल्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे सोडवत यायची. दोऱ्याचं एक टोक दातात. मुळाशी दोन वेढे घेऊन गाठ. मग बट डाव्या हाताने सरळ ताणून उजव्या हाताने दोरा फिरवत खाली जायचं. वेढे एकमेकांना लागून घेतले की केस अगदी सरळ निघतात, मध्ये फट ठेवली तर थोडी लाट राहते. टोकाला पोचल्यावर थांबायचं नाही. टोक दुमडून दोऱ्यात घ्यायचं, दोन-तीन वेढे उलटे वर यायचं आणि मग फासगाठ. टोक सुटं राहिलं तर तेवढंच कुरळं राहतं आणि सगळ्या केसांचा झाडू होतो. हे टोकाचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण माझ्या आधीच्या सगळ्या प्रयोगांत टोकं तशीच सुटली होती.

ती योरुबा समाजाची, नायजेरियातल्या इबादान शहराची. योरुबात याला इरुन किको म्हणतात. इरुन म्हणजे केस. तिची इग्बो मैत्रीण इसी ओवू म्हणते. इसी म्हणजे डोकं, ओवू म्हणजे दोरा. केस ताणायला तर हे करतातच, पण नुसती दोरा गुंडाळलेली रचना हीच त्यांच्याकडे केशभूषा असते. ओजेइकेरे नावाच्या नायजेरियन छायाचित्रकाराने १९६८ पासून पुढे कित्येक वर्षं बायकांच्या केशरचना पाठीमागून टिपल्या. ते फोटो तिने फोनवर दाखवले. दोऱ्याने उभ्या केलेल्या बटा एकमेकींना कमानीसारख्या जोडलेल्या, कुठे मनोरा, कुठे पूल. आई चहा घेऊन आली होती, ती चष्मा लावून बघत बसली. मग म्हणाली, "आमच्या वेळी खोप्यात गंगावन घालायचो, तर केवढी मिरवायचो. हे बघ." आणि त्या मुलीला, मराठीतच, "चहा गार होतोय गं बाई." तिला ते कळलं.

सव्वीस बटा झाल्या. दोन तास लागले. डोक्यावर चोहोबाजूंनी काळ्या काड्या उभ्या. बाबांनी आल्या आल्या चष्मा वर केला. आई म्हणाली, "सव्वीस वाती. तेल घातलं की पेटवायच्या." पाणी सोडायला आलेला वॉचमन काही न बोलता मान खाली घालून गेला.

रात्री उजव्या कानशिलावर ठसठस सुरू झाली. मला वाटलं, ताणायचं म्हणजे एवढं होणारच. सकाळी तिथे बारीक पुटकुळी. त्या मुलीला फोटो पाठवला तर ती धावत वर आली आणि कानाजवळच्या चार बटांच्या मुळाशी दोरा सैल करून गेली. चिडली होती. तिच्या म्हणण्याप्रमाणे तिच्याकडे मुली हे सहन करतात, घट्ट म्हणजे टिकाऊ समजतात, आणि तिशी-पस्तिशीत कपाळाची केसांची रेघ मागे सरकायला लागते. डॉक्टर याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. सतत ओढ बसली की मूळच दमतं, आणि फार काळ दमलं तर परत उगवत नाही. आमच्याकडे घट्ट अंबाडा आणि घट्ट वेण्यांच्या बायकांची कपाळं आठवून बघितली, आणि कानशिलाला हात लावला. आता माझा नियम साधा आहे: दोरा केसाला ताणेल, कातडीला नाही. भुवई उचलून बघायची. उचलताना कानशील ओढलं जात असेल तर सैल करायचं.

रविवारी दुपारी चार वाजता सोडलं. न्हाऊन अठ्ठावीस तास झाले होते. गॅलरीतली आर्द्रता २६ टक्के, पुण्याच्या एप्रिलमधली कोरडी ठणठणीत दुपार. दोरा टोकाकडून उलगडत गेले. पहिली बट सुटली ती मऊ काळ्या फितीसारखी गालावर येऊन पडली, आणि मी ती हातात धरून नुसतीच बसले. बाबा पट्टी घेऊन उभेच होते. ४१. पूर्ण ओढलेल्या बटेपेक्षा फक्त दोन सेंटिमीटर कमी, आणि तेही कुणी न ओढता. इस्त्रीसारखे चपटे नव्हते केस. दाट, हलके, हाताला थोडे खरखरीत, पिंजलेल्या कापसासारखे. बोटं मुळापासून टोकापर्यंत गेली. माझ्या आयुष्यात कोरड्या केसांतून बोटं अशी कधी गेली नव्हती.

सोमवारी हेल्मेटचा पट्टा टक्क करून लागला.

तिथून पुढे मीच माझं करायला लागले, आणि चुकाही माझ्याच. पहिली म्हणजे पाणी. मी ठिबकत्या केसांवर दोरा घातला आणि तीस तासांनीही आत ओल होती. आता न्हाल्यावर जुन्या सुती टी-शर्टमध्ये केस गुंडाळून ठेवते, टॉवेलने चोळत नाही. मग मोकळे सोडून इतके वाळू देते की हाताला गार लागतील पण हात ओला होणार नाही. त्या टप्प्यावर केस थोडे आखडायला लागलेले असतात, तरी चालतं. दोरा त्यांना परत लांब करतो.

दुसरी चूक जवसाची. जवस पाण्यात उकळला की अंड्याच्या पांढऱ्यासारखा लिबलिबीत चीक सुटतो. तो गरम असतानाच जुन्या ओढणीतून गाळायचा, गार झाला की गाळणं अशक्य. दोन चमचे जवस, दोन कप पाणी. हा चीक केसांना लावला की ताण चांगला धरला जातो. म्हणून मी वाटीभर लावला. केस वाळायला दीड दिवस लागला आणि सोडल्यावर खांद्यावर पांढरा भुसा. आई म्हणाली, चटणीच करायची होतीस. आता बटेला अर्धा चमचा, तोही फक्त खालच्या अर्ध्या भागाला. खोबरेल दोन थेंब टोकांना. टाळूचं तेल कुरळ्या केसात टोकापर्यंत उतरतच नाही, प्रत्येक वळणावर थांबतं. टोकं कायम तहानलेली.

सोडल्यानंतर टिकवणं हे वेगळंच काम. रात्री केस सैल चार भागांत गुंडाळून वर साटिनचं फडकं. सुती उशी केसातला ओशटपणा आणि ओल दोन्ही ओढते आणि घासते. घाम हा खरा शत्रू. जिना चढून आलं तरी मानेवरचे केस परत वळायला लागतात. कढीला फोडणी देतानाही पदर डोक्यावर. चौथ्या दिवसापर्यंत बट साधारण ३४ वर येते आणि मला पुरे होतं. पाचव्या-सहाव्या दिवशी धुते आणि माझे नेहमीचे केस परत येतात, सगळेच्या सगळे, कपाळावरचेही. तो क्षण अजूनही जरा धास्तीने बघते. न्हाणीघरात पाणी पडतं आणि केस आपोआप वर सरकायला लागतात. कुणीतरी दुसऱ्या टोकाकडून ओढतंय असं.

मग जुलै आला. आषाढात गॅलरीतला आकडा ऐंशीच्या खाली उतरेना. दोरा घातला, चोवीस तास, छत्तीस तास, टेबलफॅनसमोर बसून सगळी वर्तमानपत्रं वाचली. वरचे वेढे वाळले, आतले नाहीत. सोडले तेव्हा बट ३३, आणि गॅस पेटवेपर्यंत २९. बाबांना मात्र हेच हवं होतं. त्यांच्या मते मार्चपासूनच्या नोंदींत जी वक्र रेघ येत होती, तिला या चार नोंदींनी "शेपूट मिळालं". मला केस मिळाले नाहीत, त्यांना शेपूट मिळालं. आषाढ-श्रावण मी प्रयत्न सोडून दिला. हेल्मेटखाली दोन सैल वेण्या, बस.

गणपतीला गुहागरला जायचं होतं. भाद्रपद, त्यात समुद्र. शहाण्या माणसाने दोऱ्याचं नाव काढलं नसतं. पण निघायच्या आधी चार दिवस पुण्यात उघडीप मिळाली, आणि काकूने फोनवर सांगितलं होतं की या वेळी नऊवारी नेस, खोपा घालू. खोप्याला लांबी लागते. शुक्रवारी रात्री दोरा, शनिवारभर घरात, रविवारी पहाटे पाचला सोडला. ३९. बाबांनी गाडीत बसतानाच वही मांडीवर घेतली होती.

उंब्रजपर्यंत ३८. पाटणला ३७. हेळवाकला चहाला थांबलो तेव्हा समोर घाटावर ढग बसलेले, बाबा म्हणाले, "बघ हं आता." कुंभार्ली घाटाच्या दुसऱ्या वळणावर काच खाली होती ती कुणी वर केली नाही. धुकं गाडीतून आरपार जात होतं. माझ्या कानामागे काहीतरी हलल्यासारखं झालं, मुंगी चालावी तसं. बट वळत होती. मला ते कळत होतं, हे सांगून खरं वाटणार नाही. चिपळूणला ३०. आई मागे वळून म्हणाली, "अगं, कपाळ बघ तुझं," आणि हसू दाबायला खिडकीबाहेर बघायला लागली.

गुहागरला पोचलो तेव्हा आरतीची वेळ झाली होती. काकूने माझ्याकडे बघून "खोपा म्हणालीस ना?" एवढंच विचारलं. मग आहेत त्या केसांचा बुचडा वर बांधला, त्याला चार आकडे लावले आणि अबोलीचा वळेसर असा गुंडाळला की खाली काय आहे ते दिसेना. बरं दिसत होतं. कुरळ्या केसात आकडे निसटत नाहीत, गजराही घसरत नाही. सरळ केसांच्या चुलतबहिणीचा दोनदा पडला. बाबांनी नोंद केली: संध्याकाळी ७.१०, ९१ टक्के, २४. आणि पुढे कंसात, पूर्ववत.

आता ऑक्टोबर आहे, हवा परत कोरडी व्हायला लागली आहे. गेल्या आठवड्यात दोऱ्याचं रीळ शोधत होते तर ते आईच्या खणात निघालं. विचारलं तर म्हणाली, "पुढचे केस फार चपटे बसतात गं माझे. त्या मुलीला विचार ना, दोन-तीन वाती मलाही घालता येतील का, थोडी उभारी येईल." शनिवारी आम्हा दोघींसाठी तिला वेळ आहे का, ते विचारायला चौथ्या मजल्यावर जायचंय.